कढीपत्त्यानं प्यालेली कॉफी

नोव्हेंबर सरता सरता आमच्या गॅलरीतली फरशी पहाटे पायाला टोचायला लागते आणि माझ्या कपाळावर आठी पडते. लोकांकडं थंडी आली की हुरड्याची बोलणी सुरू होतात. कुणाच्या शेतात जायचं, गुळभेंडी ज्वारी कधी हुरड्यावर येणार, शेंगदाण्याची चटणी कोण आणणार. आमच्याकडं थंडीतही पहाटे पहाटे वजनकाटा पुसला जातो. सोनाराकडं असतो तसा चपटा काटा आहे तो, नुसती फुंकर घातली तरी आकडा हलवणारा. त्यावर कॉफीची पूड मोजतात. सोळा ग्रॅम. साडेपंधरा झाली तर चमच्याच्या टोकानं चिमूटभर वाढवायची, साडेसोळा झाली तर तितक्याच गांभीर्यानं कमी करायची. मोजणारा माणूस माझा नवरा आहे, आणि मला उठल्यापासून दहा मिनिटांच्या आत आल्याचा चहा लागतो.

काल पहाटे रोजच्यासारखा कॉफीच्या दळणीचा आवाज आला. हातानं फिरवायची, मुठीत मावणारी दळणी, पण आवाज असा की कुणीतरी खडीवरून पत्र्याची पेटी ओढतंय. पांघरुणात पडल्या पडल्या मला गेल्या वर्षीचा हिवाळा सगळाच्या सगळा आठवला. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं एका गाडीत वीस दिवस राहिलो. तेहतीस वर्षांच्या संसारात इतके दिवस इतक्या जवळ आम्ही कधीच राहिलो नव्हतो, आणि राहायला नको होतं असंही मला तेव्हा बऱ्याचदा वाटलं.

खरं सांगायचं तर या सगळ्याची सुरुवात मीच केली.

गेल्या वर्षी मार्चअखेर शशिकांत निवृत्त झाले. आधी वाळूजला आणि नंतरची बावीस वर्षं शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. यंत्रावरून तयार होऊन आलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, पास किंवा नापास म्हणायचं आणि पुढचा उचलायचा. एवढंच काम, पण त्यांच्यासारखं कुणी केलं नाही असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते पाचला उठले, दाढी केली, इस्त्रीचे कपडे घातले, बूट चढवले आणि गॅलरीत खुर्चीवर बसले. कारखान्याची बस खालून गेली. ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते तिकडंच बघत होते. महिनाभर रोज हेच. मी विचारलं की म्हणायचे, कुठं काय, बसलोय.

बंगळुरूला असलेल्या आमच्या मुलीनं, मुक्तानं, तेव्हा एक स्टीलचं फिल्टर आणि कॉफीच्या पुडीचं पाकीट पाठवलं. दोन भांडी एकावर एक बसतात, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. वरच्या भांड्यात पूड घालायची, चकतीनं हलकेच दाबायची, उकळी येऊन जरा शांत झालेलं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून विसरून जायचं. थेंब थेंब करत खाली दाट, काळा अर्क उतरतो. तो दोन चमचे आणि वर कडकडीत दूध. शशिकांतांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतलं, घड्याळ लावलं आणि फिल्टरसमोर स्टूल टाकून बसले. अर्ध्या तासानं माझ्यासमोर कप आला. कॉफी कडू होती, कोमट होती आणि तळाला गाळ होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं पहिल्यांदा काहीतरी हाललं होतं. मी म्हणाले, छान झालीये.

मी शाळेत गणित शिकवलं. हजारो वह्या तपासल्या आणि कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. त्या दिवशी मात्र सगळेच्या सगळे देऊन टाकले, आणि मग दिलेले परत घेता येईनात.

त्यानंतर घरात काय काय आलं. दांडा खाली दाबून गाळ तळाशी बसवायचं काचेचं भांडं आलं. गॅसवर ठेवायची अष्टकोनी किटली आली, तिच्या पोटातलं पाणी वाफेच्या जोरानं पुडीतून वर चढतं आणि चढताना दमेकऱ्यासारखं खोकतं. कॉफी गाळायच्या कागदाच्या गाळण्या आल्या, थर्मामीटर आला. मुक्ता बिया भाजून पाठवायला लागली आणि दळणी आली. वर रकान्यांची वही. तारीख, पाणी कुठलं, दळण जाड की बारीक, किती मिनिटं, आणि शेवटचा रकाना शेरा. शेऱ्यात माझा शब्द लिहायचे. छान. पानामागून पान छान.

सगळ्यात जास्त माझं डोकं पाण्यावरून फिरायचं. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी गल्लीतली सगळी माणसं सगळी कामं टाकून टाक्या, बादल्या, पातेली भरत असतात. आणि हा माणूस कागदाच्या गाळणीवर आधी गरम पाणी ओतायचा आणि ते मोरीत फेकायचा. का, तर कॉफीला कागदाचा वास लागतो. मी ते पाणी धरायला खाली वाडगा ठेवायला लागले. वाडगा गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत जायचा. पुढं कधीतरी वाडग्याबरोबर कपही जायला लागला. ते आंघोळीला गेले की मी दोन घोट पिऊन उरलेली कॉफी कुंडीत ओतायची आणि मग शांतपणे माझा चहा टाकायची. कढीपत्ता त्या वर्षी असा फोफावला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी येऊन काय खत घालता म्हणून विचारून गेल्या. मी काहीतरी सांगितलं.

दिवाळीच्या सुमाराला त्यांनी शाळेची मुलं नेणारी एक जुनी मिनीबस आणली. तिच्यात राहायचं आणि कॉफी जिथं पिकते तिथपर्यंत, चिकमगळूरच्या डोंगरात जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं. स्टेशनकडच्या रस्त्यावर हमीदभाईंचं गॅरेज आहे. तिथं बाकडी काढून पलंग बसला, ओटा बसला, पाण्याची टाकी बसली. पडद्याचं कापड मी गुलमंडीतून आणलं, निदान पडदे तरी माझ्या मनासारखे असावेत म्हणून. हमीदभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाबी, साब को कॉफीच पीना है तो घर में पीने को क्या हुआ? इत्ती बडी गाडी कायको होना?" मला इतकं बरं वाटलं की कुणीतरी शहाणं माणूस या शहरात शिल्लक आहे.

डिसेंबरात निघालो. बीडच्या पुढं एका गतिरोधकावर काचेचं भांडं फुटलं. शशिकांतांनी गाडी बाजूला घेऊन तुकडे गोळा केले. माझ्या मनात आलं ते मी बोलले नाही, ते आजही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिवच्या अलीकडं एका पेट्रोल पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती. बाहेर तुरीच्या शेतावर धुकं, काचांवर आतून दव. मी उठून ओट्याखालचा खण उघडला. चहाचा डबा नव्हता. आलं नव्हतं, किसणी नव्हती. मी सगळे खण उघडले. शशिकांत दळणी फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाले की चहाच्या मसाल्याचा वास एवढ्याशा गाडीत बियांना लागतो, म्हणून डबा घरीच काढून ठेवला. आणि तुला तर आता कॉफी आवडते.

 छान हा शेरा मीच तर आठ महिने लिहायला लावला होता.

शाल गुंडाळली, चपला घातल्या आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. पाऊण किलोमीटरवर पत्र्याची टपरी होती, एक बाई स्टोव्हला पंप मारत होत्या. माझ्या वयाच्या, डोक्यावरून पदर, पदरावरून मफलर. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, कुठून आलात म्हणून विचारलं आणि मी पंपामागच्या आमच्या राहायच्या गाडीबद्दल सांगितलं. म्हणाल्या, "एवढी मोठी गाडी, अन् त्यात चहा नाय व्हय?" मी म्हणाले, नाही. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आलं दगडानं ठेचलं, दूध वाढवलं आणि पितळी पेल्यात भरून दिला. पेला दोन्ही हातांनी धरून मी त्या धुक्यात बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. थंडीनंही असेल.

मग रोजचंच झालं. गाडी जिथं उभी असेल तिथून मी पहाटे चहा शोधत चालत निघायची. सोलापूरच्या बाहेर ट्रक ड्रायव्हरांच्या घोळक्यात प्यायले, विजयपुरात घुमटाच्या सावलीत, हुबळीच्या बाजारात केळीवाल्यांच्या बरोबर. घरी असते तर इतक्या माणसांशी मी वर्षात बोलले नसते. परत आलं की गाडीत दुसरंच नाटक चालू असायचं. गाडीत कॉफी करणं म्हणजे काय ते त्या वीस दिवसांत मी बघितलं. गाडी जरा कलती उभी राहिली की पाणी पुडीच्या एकाच बाजूनं उतरतं आणि दुसरी बाजू कोरडीच राहते. दार उघडं असलं तर ज्योत वाऱ्यानं लोळते, बंद केलं तर माणूस गुदमरतो. सोलापूरकडच्या मचूळ पाण्यात कॉफीला औषधाची चव येते. खेड्यातलं म्हशीचं दाट दूध अर्क पडला की फाटतं. शशिकांत चाकांखाली दगड सरकवायचे, पाण्याचा पेला खिडकीत ठेवून गाडी सपाट आहे का बघायचे, पुन्हा दगड सरकवायचे. मी त्यांना सांगितलं की रात्री जेवण झालं की फिल्टर लावून ठेवा, कललेल्या गाडीतही सरळ राहील असं पट्ट्यानं बांधून ठेवा, सकाळी अर्क तयार असेल. त्यांना ते पटलं आणि ते चाललंही. घरातली सगळी यंत्रं हरली आणि मुक्तानं पाठवलेलं पहिलं फिल्टर तेवढं गाडीत टिकलं. ही माझी एकच खरी मदत, आणि ती मी केवळ दगडांच्या आवाजाला कंटाळून केली होती.

नवव्या दिवशी चिकमगळूरच्या डोंगरात पोचलो. एका मळ्याच्या आवारात गाडी लावायची परवानगी मुक्ताच्या ओळखीनं मिळाली होती. तो वास मी विसरणार नाही. कॉफीचा नव्हता, कॉफीचा वास तिथं नव्हताच. ओल्या पालापाचोळ्याचा, मिरीच्या वेलांचा, आणि खळ्यावर वाळत घातलेल्या लालभडक फळांचा, थोडासा आंबूस गुळासारखा वास. झाडांना ती फळं मण्यांसारखी लगडलेली. शशिकांत एका झाडापाशी उभे राहिले आणि त्यांनी फांदी हातात धरली, ती मोजली नाही, उलटीपालटी केली नाही, नुसती धरून उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही एवढं मी कबूल करते.

मळ्याची राखण करणाऱ्या गिरिजम्मा म्हणून होत्या, साठीच्या, तुटक हिंदी बोलणाऱ्या. पाव्हणे लांबून आले म्हणून त्यांनी घरी बोलावलं. ओसरीवर चटई टाकली आणि आतून दोन पेले आणले. कॉफी होती. पाकिटातली, गरम दुधात ढवळून विरघळते ती, आणि साखर इतकी की ओठ चिकटावेत. मळ्यातली चांगली कॉफी सगळी बाहेर जाते, आमच्याकडं हीच, असं त्या हसून म्हणाल्या. मी शशिकांतांकडं बघितलं. या माणसानं बावीस वर्षं केसाएवढा फरक असलेला भाग परत पाठवला होता. ते शेवटच्या घोटापर्यंत प्याले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, बहुत अच्छी. गिरिजम्मांचा चेहरा उजळला.

गाडीकडं परत येताना मी विचारलं, खरंच आवडली का? ते म्हणाले, छे, पाणी होतं साखरेचं. पण तिनं एवढ्या मायेनं दिली, तिला नापास कसं करायचं?

तिथंच थांबायला हवं होतं. पण आठ महिन्यांचं माझ्या पोटात होतं, आणि नऊ दिवस परक्या टपऱ्या शोधत फिरण्याचंही होतं.

"मग मी तरी कसं करणार होते?" मी म्हणाले.

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "किती वेळा?"

"पहिल्या दिवसापासून. अहो, सगळी कढीपत्त्याला घातली मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, माझीही तयारी होती. ते गाडीत गेले, वही काढली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. एकेक ओळ, बोट ठेवून. मी बाहेर दगडावर बसून होते. ऊन उतरलं, खळ्यावरच्या बायका फळं गोळा करून गेल्या. त्यांनी शेवटचं पान वाचलं, वही मिटली आणि उशीखाली ठेवली.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच की सकाळी दळणीचा आवाज नसायचा. मी टपरीवर जायची आणि ते माझ्याबरोबर यायचे, चहा प्यायचे. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि तो चहा मला गोड लागत नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. ओटा मोकळा झाला. चार दिवस मी आलं घालून, गवती चहा घालून, मनासारखा चहा केला. पाचव्या दिवशी पाच वाजता उठले तर ते गॅलरीत होते. अंगावर इस्त्रीचे कपडे. क्रांती चौकाकडं जाणाऱ्या गाड्यांचे दिवे खालून सरकत होते आणि ते त्यांच्याकडं बघत बसले होते. मी पुढं होऊन बघितलं, पायात बूट होते.

मी चिडले. त्यांच्यावर, स्वतःवर, मुक्तावर, त्या फिल्टरवर. म्हणाले की कॉफी वाईट झाली म्हणून माणूस करायचं सोडतो का, माझ्या वर्गातली पोरं पंधरा वेळा गणित चुकून सोळाव्यांदा सोडवायची, आणि तुम्ही मोठे तपासनीस, एका बाईनं नापास केलं तर बूट घालून बसता. बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "नापास केलं असतंस तर चाललं असतं गं. मला सवय आहे त्या शब्दाची. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं तपासत आलो, स्वतःच्या हातानं एक वस्तू केली नाही. ही पहिली होती. ती कशी होती तेच मला कुणी सांगितलं नाही."

गॅलरीत गारठा होता. मी आत जाऊन शाल आणली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. मग स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला, आणि खोकं खाली ओढताना थर्मामीटर माझ्या पायावर पडून फुटला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे. कॉफी माझ्यापुढं ठेवायची आणि माझ्या तोंडाकडं बघायचं नाही. मी जे असेल ते सांगणार. आणि मी सांगितलंही. जळकी आहे. पांचट आहे. दूध आधी तापवून ठेवत जा, अर्क वाट बघत थंड होतो. ताज्या भाजलेल्या बिया आल्या आल्या वापरू नका, आठवडाभर राहू द्या, पूड फुगून पाणी बाहेर ढकलते. यातलं मला काय कळतं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. पुढं पुढं कडूपणात फरक पडायला लागला. दळण जाड केल्यावर घशात खवखवणारी कडवट चव गेली आणि मागं थोडी भाजलेल्या चिंचोक्यासारखी राहिली. माझी चहाची वेळ मात्र मी सोडली नाही, आणि आमच्या ओट्याचे दोन भाग झालेत. पहाटे एकाच वेळी एक जण आलं ठेचतो, दुसरा बिया दळतो, आणि मधे कोण आधी गॅस घेणार यावरून रोज कुरकुर होते. निवृत्त माणसांच्या घरात शांतता असते असं कोण म्हणतं, मला त्यांना भेटायचंय.

तर काल पहाटे. दळणी वाजली, मी कुरकुरत उठले. कप समोर आला. शशिकांत नियमाप्रमाणं पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले. मी घोट घेतला.

छान होती. कशी ते सांगता येत नाही. कडू होती, पण ते कडूपण जिभेवर बसून न राहता पुढं गेलं, आणि दूध, धूर, गूळ असं काहीतरी मागं ठेवून गेलं. मी आणखी एक घोट घेतला. खात्री करून घेतली. मग म्हणाले, छान झालीये.

ते वळले नाहीत. म्हणाले, खरं सांग. मी म्हणाले, खरंच. ते म्हणाले, बरं, असू दे, उद्या दळण बदलून बघतो. मी म्हणाले, अहो, काही बदलू नका, हीच हवी. त्यांचा विश्वास बसेना. आठ महिने खोटं बोललेल्या बाईनं आता खरं बोलून काय उपयोग. मला इतका वैताग आला की कप तसाच आपटावा वाटलं. रोज नावं ठेवते ते मुकाट पटतं, आणि वर्षातून एकदा मनापासून चांगलं म्हणावं तर ते या माणसाला पचत नाही.

मी सगळी प्याले. उठून त्यांच्या शेजारी गेले आणि रिकामा कप पुढं केला.

"अजून आहे का?"

त्यांनी कपात बघितलं, मग माझ्याकडं. अर्क संपला होता. ते गडबडले, म्हणाले की पाणी तापवून, पूड दळून, थेंब थेंब उतरायला अर्धा तास तरी लागेल, आणि तुझा तर चहा व्हायचाय.

मी खुर्ची ओढून बसले.

"थांबते," मी म्हणाले.